पोटातल्या बाळाला लागलेली कुणकुण

११ सप्टेंबर २००१ला न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळले, तेव्हा त्या परिसरात काही गरोदर बायका होत्या. माउंट सायनाय रुग्णालयातल्या संशोधक रेचल येहुदा यांनी सहकाऱ्यांसह पुढे अशा ३८ जणी तपासल्या. बाळं वर्षाची झाली होती. आयांनी स्वतःची आणि बाळाची लाळ सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना टिपून घेतली, आणि तिच्यातलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक मोजलं गेलं. त्या दिवसाचा धसका ज्यांच्या मनातून गेलाच नव्हता, त्या आयांचं कॉर्टिसॉल कमी भरलं. त्यांच्या तान्ह्यांचंही कमी! घटनेच्या वेळी जिला शेवटचे तीन महिने चालू होते, तिच्या बाळात हे सगळ्यात ठळक दिसलं. धूर न पाहिलेल्या बाळाच्या लाळेत त्या सकाळची खूण!

ताणाचं संप्रेरक तर वाढायला हवं, मग कमी कसं? मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात, आणि मेंदूला ते जाणवलं की मेंदूच ‘आता पुरे’ म्हणतो. मोठ्या आघातानंतर अनेकांमध्ये हा लगाम फार हळवा होतो. थोड्याशा कॉर्टिसॉलनेही तो आवळला जातो. पातळी खाली राहते, जीव मात्र दचकलेलाच.

बाळापर्यंत हे पोचतं कसं? वारेत एक विकर असतं. आईच्या कॉर्टिसॉलचा बराचसा भाग ते निष्क्रिय करून टाकतं. पण थोडं पलीकडे जातंच. शेतकरी पावसाचा अंदाज बघून वाण निवडतो, तसं बाळाचं शरीर त्यावरून बाहेरच्या जगाची तयारी करत असावं. डीएनएची अक्षरं बदलत नाहीत. त्यांवर मिथाइल नावाचे बारीक अणुगट चिकटतात किंवा सुटतात, आणि जनुकाचा आवाज कमीजास्त होतो. नाझी छळातून वाचलेल्यांमध्ये एफकेबीपी५ या ताणाशी निगडित जनुकावर अशा खुणा जास्त आढळल्या, त्यांच्या मुलांमध्ये त्याच जागी कमी. हा अभ्यास लहान होता, त्यावर निकाल देऊ नये. पण थक्क व्हायला होतं.

हे वाचताना मला आपला खानदेश दिसतो. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कापूस आतून पोखरला. कर्ज अंगावर, आणि आठव्या महिन्यातली बाई ओटी बांधून वेचणीला. एखाद्या घरात कर्त्याने जीव दिला, की प्रकरण पात्र की अपात्र हे ठरतं आणि पात्र ठरलं तर एक लाखाची मदत मिळते. त्या घरात कुणी दोनजीवाची आहे का, हा प्रश्नही तेव्हाच विचारला जावा.

कारण ही खूण म्हणजे कपाळावरचं लिहिलेलं नव्हे. मॉन्ट्रियलमध्ये मायकेल मीनी यांच्या प्रयोगांत कमी चाटणाऱ्या उंदरिणीची पिल्लं मायेने चाटणाऱ्या उंदरिणीकडे दिली, आणि ती मोठेपणी शांत निघाली. ताणाच्या जनुकावरच्या खुणाही बदललेल्या होत्या. आपल्याकडे सातव्या महिन्यात लेक माहेरी नेतात. तिथली झोप, गरम भाकरी आणि मायेची माणसं यांना मी नुसती रीत म्हणणार नाही.

गावातल्या आशाताई गरोदर बाईचं वजन घेतात, हिमोग्लोबिन बघायला लावतात. सोबत ‘रात्री झोप लागते का गं?’ एवढंही त्यांनी विचारावं. उत्तर ‘नाही’ आलं, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६ आहे: मोफत, चोवीस तास, मराठीतूनही.