फादर हेन्री आणि अ‍ॅडम



अपंगाची सेवा म्हणजे एकाने द्यायचे व दुसऱ्याने घ्यायचे, असे आपण समजतो. फादर हेन्री नोवेन यांचा अनुभव निराळा होता.

हॉलंडमध्ये १९३२ साली जन्मलेले हे धर्मगुरू अमेरिकेत येल व हार्वर्ड विद्यापीठांत शिकवीत. त्यांची पुस्तके देशोदेशी वाचली जात. विद्यापीठ सोडल्यावर १९८६ साली ते कॅनडात टोरांटोजवळ 'डेब्रेक' येथे राहावयास गेले. तेथे बौद्धिक अपंगत्व असलेली माणसे व त्यांचे मदतनीस एकाच घरात राहतात. फादरांकडे अ‍ॅडम नावाचा चोविशीतला तरुण सोपविण्यात आला. त्याला वाचा नव्हती, आधाराशिवाय चालता येत नसे, आणि वरचेवर आकडी येई.

रोज सकाळी त्याला उठवणे, अंघोळ, दाढी, कपडे, न्याहारी यात दोन तास जात. आरंभी फादर घाबरत. एकदा त्यांनी घाई केली, तेव्हा अ‍ॅडमला आकडी आली. घाई इथे चालत नाही, हे ते शिकले. पुढे तेच दोन तास त्यांना दिवसातले सर्वांत शांत वाटू लागले. आपल्या मनातले ते अ‍ॅडमला सांगत. अ‍ॅडमला त्यांच्या पदव्यांशी काही देणेघेणे नव्हते. म्हणूनच ती खरी मैत्री झाली. १९९६ च्या फेब्रुवारीत अ‍ॅडम वारला, सप्टेंबरात फादरही गेले. अ‍ॅडमवरचे त्यांचे पुस्तक पुढच्या वर्षी निघाले.

आपल्या गावांतही असे अ‍ॅडम आहेत. काही मागच्या खोलीतच वाढतात. त्यांच्यासाठी एवढे करावे:

आकडी आल्यास रोग्याला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ कापड द्यावे. तोंडात चमचा वा पाणी घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. कांदा किंवा चप्पल हुंगविल्याने काही होत नाही. आकडी पाच मिनिटांत थांबली नाही, तर ताबडतोब दवाखान्यात न्यावे. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. अशा माणसाला विहिरीवर वा चुलीपाशी एकटे सोडू नये.

अंथरुणाला खिळलेल्याची कूस दर दोन तासांनी बदलावी, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत.

सेवा करणारी आई किंवा सूनही थकते. सुगीच्या दिवसांत शेजाऱ्यांनी एखादी दुपार तिची जागा घ्यावी. नुसते बसू नये. त्या मुलाशी बोलावे.