भुयारी मेट्रो स्थानक इतके महाग का?

मुंबईची मेट्रो ३ ही ३३.५ किलोमीटरची मार्गिका आहे. तिच्या २७ स्थानकांपैकी २६ जमिनीखाली आहेत. मूळ अंदाज २३,१३६ कोटी रुपयांचा होता, सुधारित खर्च ३७,२७६ कोटींवर गेला.

स्थानक सहसा वरून खोदतात. आधी कडेने काँक्रीटच्या खांबांची सलग भिंत जमिनीत उतरवतात, मग आतली माती आणि खडक काढत खाली जातात. त्याहीआधी जलवाहिन्या, मलवाहिन्या, केबल हलवाव्या लागतात. जुन्या वस्तीत त्यांचे नकाशे भरवशाचे नसतात, म्हणून हाताने चाचणीखड्डे घेऊन एकेक वाहिनी शोधावी लागते. वेळ जातो तो इथेच. रस्ता बंद ठेवणे परवडत नसल्याने खड्ड्यावर पोलादी तक्ते टाकून वाहतूक चालू ठेवतात.

याच मार्गिकेवरच्या गिरगाव-काळबादेवीत रस्त्याला तेवढी रुंदीही नव्हती. तिथे फलाटांचे बोगदे खडक थोडाथोडा फोडून, लगेच काँक्रीट फवारत पुढे नेले. शिवाय बाधित इमारतींमधल्या रहिवाशांचे त्याच परिसरात पुनर्वसन करायचे, तोही खर्च प्रकल्पाचाच.

फलाटाची लांबी आठ डब्यांची गाडी ठरवते, तिथे तडजोड नाही. काटकसर सुचते ती प्रवेशद्वारांत, आणि ती सर्वांत चुकीची. दार रस्त्याच्या एकाच बाजूला ठेवले, तर पलीकडच्या प्रवाशाला प्रत्येक वेळी वाहनांतून वाट काढावी लागते.