डिस्क गोल्फमधील चकतीचे उड्डाण

डिस्क गोल्फ या खेळात हाताने फेकलेली चकती हवेतून ज्या रीतीने आणि ज्या मार्गाने जाते, त्यास चकतीचे उड्डाण म्हणतात. चकतीची घडण, फेकीची शैली आणि वारा या तीन घटकांवर ते अवलंबून असते. चकती खेळाडूला निवडता येते, शैली सरावाने सुधारता येते. वाऱ्यावर मात्र त्याचा ताबा नसतो. चकती भरकटली की दोष बहुधा वाऱ्याला दिला जातो. प्रत्यक्षात पुष्कळदा फेकीत मुळातच असलेला दोष वारा केवळ वाढवून दाखवतो. म्हणून या दोन कारणांतील फरक ओळखणे हा खेळाच्या अभ्यासाचा महत्त्वाचा भाग आहे.

पार्श्वभूमी

या खेळात ठरावीक जागेवरून सुरुवात करून कमीत कमी फेकींत चकती लक्ष्यात पोहोचवायची असते. लक्ष्य म्हणजे खांबावर बसवलेली टोपली व तिच्यावर लोंबणाऱ्या साखळ्या. खेळाला आजचे स्वरूप देण्यात अमेरिकेतील एड हेड्रिक यांचा मोठा वाटा आहे. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह पार्क येथे त्यांनी मैदान आखले आणि १९७६ मध्ये प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन ही संघटना स्थापन केली. आरंभी साध्या फ्रिस्बी वापरल्या जात. १९८३ मध्ये डेव्ह डनिपेस यांनी उतरत्या, निमुळत्या कडेची चकती तयार केली. अशी कड हवा सहज कापते, त्यामुळे फेकीचा पल्ला पुष्कळ वाढला. संघटनेच्या नियमांनुसार चकतीचा व्यास किमान २१ सेंमी असावा लागतो आणि वजन व्यासाच्या दर सेंटिमीटरमागे ८.३ ग्रॅमपेक्षा अधिक असून चालत नाही.

उड्डाणाचे भौतिकशास्त्र

चकतीवर गुरुत्वाकर्षणाखेरीज हवेची दोन बले कार्य करतात : वर उचलणारे उत्थापक बल आणि मागे ओढणारा रोध. चकतीचा हवेच्या सापेक्ष असलेला वेग बदलला, की ही दोन्ही बले त्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतात.

हवेचे बल चकतीच्या बरोबर मध्यावर लागू होत नाही, त्यामुळे चकतीची पुढची कड वर किंवा खाली कलू पाहते. न फिरणारी चकती यामुळे लगेच उलटली असती. फिरणारी चकती मात्र भोवऱ्याप्रमाणे आपला अक्ष टिकवून धरते आणि पुढे-मागे कलण्याऐवजी हळूहळू बाजूला कलते. या क्रियेला परांचन म्हणतात.

उजव्या हाताने, हाताची मागची बाजू लक्ष्याकडे ठेवून केलेल्या फेकीत, म्हणजे बॅकहँडमध्ये, वरून पाहता चकती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. आरंभी वेग जास्त असताना पुढची कड खाली दाबली जाते व चकती उजवीकडे कलू लागते. याला ‘टर्न’ म्हणतात. वेग मंदावून चकती खाली येऊ लागली, की हवा खालून अधिक कोनात लागते, पुढची कड वर उचलली जाते आणि चकती डावीकडे वळते. हा ‘फेड’ होय. डावखुऱ्या खेळाडूच्या बॅकहँडमध्ये, तसेच उजव्या हाताच्या फोरहँडमध्ये, या दिशा उलट होतात.

अनेक उत्पादक चकतीवर वेग, तरंगण्याची क्षमता, टर्न व फेड दर्शवणारे चार अंक छापतात. सहज टर्न घेणाऱ्या चकतीला ‘अंडरस्टेबल’ आणि टर्नला विरोध करून लवकर फेड होणाऱ्या चकतीला ‘ओव्हरस्टेबल’ म्हणतात. चकती वापरून झिजली, की ती सहसा अंडरस्टेबल होत जाते.

वाऱ्याचा परिणाम

समोरचा वारा : समजा, चकती सेकंदाला २५ मीटर वेगाने फेकली आणि समोरून सेकंदाला ५ मीटर वेगाचा वारा आहे. हवेच्या दृष्टीने चकतीचा वेग ३० मीटर होतो आणि उत्थापक बल व रोध सुमारे ४४ टक्क्यांनी वाढतात. चकती जास्त वेगाने फेकल्यासारखी वागते, अधिक टर्न घेते आणि अधिक वर चढते. अशा वेळी ओव्हरस्टेबल चकती उपयोगी पडते.

मागचा वारा : तोच वारा मागून असेल तर हवेच्या सापेक्ष वेग २० मीटर होतो व ही बले सुमारे ३६ टक्क्यांनी घटतात. चकती लवकर खाली येते व लवकर फेड होते. तथापि अंडरस्टेबल चकती उंच फेकल्यास ती बराच काळ हवेत राहते आणि वारा तिला पुढे वाहून नेतो. डेव्हिड विगिन्स ज्युनियर यांनी २०१६ मध्ये नेव्हाडा राज्यातील प्रिम येथे केलेल्या ३३८ मीटरच्या विक्रमी फेकीला अशाच वाऱ्याचे साहाय्य होते.

बाजूचा वारा : येथे चकतीचा कल निर्णायक ठरतो. डावीकडे कललेल्या चकतीचा तळ उजवीकडे उघडा पडतो. उजवीकडून आलेला वारा त्या तळावर आदळून तिला उचलतो व आणखी डावीकडे नेतो. डावीकडून आलेला वारा वरच्या पृष्ठभागावर दाब देऊन तिला जमिनीकडे ढकलतो.

फेकीची शैली

फेकीचे बल केवळ दंडातून येत नाही. पावले, कंबर, खांदा, कोपर आणि मनगट या क्रमाने गती पुढे सरकते व अखेरच्या झटक्यातून चकतीला वेग आणि फिरकी मिळते. कंबर वळण्याआधीच हात ओढला, तर दोन्ही कमी पडतात. चकती छातीजवळून सरळ रेषेत ओढावी लागते. मोठ्या कमानीत फिरवल्यास ती सुटण्याची दिशा चुकते. मनगट मुरगळल्यास चकती डगमगते, रोध वाढतो व ती अंडरस्टेबल असल्यासारखी वागते.

सुटतेवेळचे दोन कोन विशेष महत्त्वाचे आहेत. पहिला बाजूचा कल : उजव्या हाताच्या बॅकहँडमध्ये बाहेरची, म्हणजे डावी, कड खाली असल्यास ‘हायझर’ आणि वर असल्यास ‘अ‍ॅनहायझर’. दुसरा पुढच्या कडेचा कोन. ही कड वर राहिली, तर चकती उंच जाऊन वेग गमावते व लवकर फेड होते. समोरच्या वाऱ्यात हाच दोष कित्येक पटींनी उठून दिसतो.

दोष ओळखण्याची रीत

वारा नसताना तीच चकती अनेकदा फेकून पाहणे, ही सर्वांत खात्रीची कसोटी आहे. शांत हवेतही चकती डगमगत किंवा उंच चढून मागे पडत असेल, तर कारण शैलीत आहे. शांत हवेत मार्ग स्थिर असून वाऱ्यातच बदलत असेल, तर चकतीची निवड किंवा फेकीचा कोन बदलावा लागतो. वाऱ्याविरुद्ध अधिक जोर लावणे बहुधा अपायकारक ठरते, कारण त्याने हवेच्या सापेक्ष वेग आणि टर्न दोन्ही वाढतात व शैलीही बिघडते. त्याऐवजी कमी उंचीवर, पुढची कड किंचित खाली ठेवून केलेली संथ फेक अधिक विश्वसनीय असते.

सुरक्षितता

अनेक मैदाने सार्वजनिक उद्यानांत असतात. लांब पल्ल्याच्या चकतीची कड कठीण व निमुळती असल्याने तिचा आघात गंभीर ठरू शकतो. वाऱ्यामुळे चकती अपेक्षित मार्गाच्या बाहेर बरीच दूर जाऊ शकते. म्हणून फेकण्यापूर्वी समोरच्या मार्गाबरोबरच वारा ज्या बाजूला वाहत आहे ती बाजूही मोकळी असल्याची खात्री करणे आवश्यक असते. चकती कोणाच्या दिशेने वळल्यास ‘फोर’ अशी आरोळी देण्याची प्रथा आहे.