यंत्राचे पंचांग

वसई-विरार भागातल्या एका महाविद्यालयातली ही हकीकत. माझे एक स्नेही तेथे शिकवितात. महिनाअखेर पगाराचा कागद हाती आला, तो सहा अर्ध्या दिवसांचा पगार कापलेला! चौकशी केली, तेव्हा कळले की हजेरीच्या यंत्राच्या मते हे गृहस्थ पहाटे पाचला येतात आणि भर दुपारी बाराला घरी जातात. वस्तुतः बिचारे साडेदहा ते साडेपाच कॉलेजात असत. पहाटे पाचला फाटक कोण उघडतो, हा प्रश्न मात्र कारकुनाला सुचला नाही.

शिक्षकमंडळींच्या ध्यानात आलेच असेल. दोन्ही वेळांत फरक नेमका साडेपाच तासांचा, म्हणजे ग्रीनिच आणि भारत यांच्या वेळेतला. यंत्र बिघडले नव्हते. ते ग्रीनिचला जाऊन बसले होते.

ते कसे? संगणक मनातल्या मनात सेकंद मोजत असतो. बहुतेक संगणक १ जानेवारी १९७० च्या ग्रीनिचच्या मध्यरात्रीपासून मोजतात. त्या आकड्यावरून इथे किती वाजले हे सांगायचे, तर त्याला एक कोष्टक उघडावे लागते. कोणत्या मुलखाची वेळ ग्रीनिचहून किती पुढे, ती केव्हा बदलली, हे सारे त्यात लिहिलेले. यंत्राचे पंचांगच म्हणा ना! आर्थर डेव्हिड ओल्सन या अमेरिकन गृहस्थाने १९८० च्या दशकात हे काम सुरू केले. आज जगातले असंख्य संगणक आणि मोबाइल त्यावर चालतात, आणि त्याच्या वर्षातून अनेकदा नव्या आवृत्त्या निघतात.

या पंचांगात मुलखाला तेथल्या एखाद्या मोठ्या शहराचे नाव देतात. भारताचे नाव होते ‘कलकत्ता’. २००१ साली शहराचे नाव कोलकाता झाले, आणि २००८ मध्ये पंचांगातही बदलले. जुनी नावे टाकून दिली नाहीत. ‘कलकत्ता म्हणजेच कोलकाता’ अशी नोंद ठेवली. परंतु अलीकडे काही नव्या यंत्रणांत अशी जुनी नावे वेगळ्या गाठोड्यात बांधली आहेत, आणि ते मागितल्यावाचून येत नाही. आमच्या स्नेह्यांच्या कॉलेजात संगणक नवा आला, हजेरीचा प्रोग्रॅम जुनाच राहिला. त्याने ‘कलकत्ता’ अशी हाक मारली, कोणी ओ दिली नाही. मग तो मुकाट्याने ग्रीनिचची वेळ धरून बसला. चूक झाली असे ओरडला असता, तरी बरे होते.

दाते पंचांग पाहणाऱ्या घरी आणि टिळक पंचांग पाहणाऱ्या घरी एखाद्या वर्षी अधिक महिना निराळा येतो, हे आपल्याला ठाऊकच आहे. यंत्रांचेही तसेच होते. मार्च २०२३ मध्ये लेबनॉनच्या सरकारने घड्याळे पुढे करण्याचा दिवस ऐन वेळी लांबणीवर टाकला. काही फोन जुन्या कोष्टकाने पुढे गेले, काही मागे राहिले. काही दिवस एकाच गावात दोन वेळा नांदल्या, आणि शेवटी सरकारनेच निर्णय फिरवला.

आपल्याकडे आता असा बदल होत नाही. पण पूर्वी होता. १ जानेवारी १९०६ ला देशाची एक वेळ ठरली, तरी मुंबईत ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ स्वातंत्र्यानंतरही काही काळ टिकून होती. ती हट्टाची असली, तरी सूर्याला धरून होती; आजही वसईच्या माथ्यावर सूर्य सरासरीने बारा वाजून ३९ मिनिटांच्या सुमारास येतो. महायुद्धात तर सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत सबंध देशाची घड्याळे एक तास पुढे होती. यंत्राच्या पंचांगात हा युद्धाचा तास आहे, मुंबई वेळ नाही. म्हणून घरातल्या जुन्या वहीतली जन्मवेळ यंत्रात घालताना, ती कोणत्या घड्याळाची, हे आधी वडीलधाऱ्यांना विचारावे.

इकडे कारकुनाने काय केले? काटे हाताने साडेपाच तास पुढे सरकवले. हजेरी जुळली, पण आता यंत्राची ग्रीनिचची वेळच खोटी झाली, आणि कॉलेजातून दुपारी गेलेल्या पत्रांवर रात्रीची वेळ पडू लागली. अखेर एका माजी विद्यार्थ्याने काटे मागे आणले आणि जुन्या नावांचे गाठोडे बसवून दिले. पाच मिनिटांचे काम! कापलेला पगार परत मिळायला मात्र तीन अर्ज लागले.