घोट्यावरचं यंत्र

भाचा वॉकर घेऊन करी रोडच्या चाळीतली अख्खी गॅलरी फिरून यायचा आणि मनगटावरच्या घड्याळात पावलं जेमतेम वाढलेली असायची. पोरगं खट्टू व्हायचं. फिजिओथेरपीच्या मॅडमनी कारण सांगितलं. असं घड्याळ हाताच्या झोक्यावरून पाऊल ओळखतं. दोन्ही मुठी वॉकरवर आवळलेल्या असल्यावर झोका येणार कुठून? त्यांनी घोट्याला बांधायचं यंत्र दिलं. ते एकाच पायाची पावलं मोजतं, आकडा आपण दुप्पट करायचा.

त्याला ऑस्टिओसार्कोमा झाला होता. हा हाडाचा कर्करोग वाढत्या वयात आणि बहुतेकदा गुडघ्याच्या आसपास होतो. परळच्या टाटा रुग्णालयात गाठीसकट मांडीच्या हाडाचा खालचा भाग काढून धातूचा सांधा बसवला. पाय वाचला.

मग सुरू झालं मोजमाप. सहा मिनिटं चालायची चाचणी मी जवळून पाहिली. ३० मीटरचा सरळ पट्टा, दोन्ही टोकांना खुणेचे शंकू. दमलास तर थांब, पण घड्याळ थांबणार नाही. मॅडम त्याच्या बरोबरीने चालत नव्हत्या. तसं केलं तर रुग्ण आपला वेग सोडून त्यांचा धरतो. वळताना तो ऑपरेशनच्या पायावर भार द्यायचं टाळत होता, हे मला तिथेच पहिल्यांदा दिसलं.

डॉक्टरांची १९९३ची गुणपद्धतही आहे: वेदना, रोजची कामं जमणं, मनाने स्वीकारणं, आधार, चालण्याचं अंतर, चालण्याची ढब. प्रत्येकी ५, एकूण ३०. टोरंटोत तयार झालेली प्रश्नावली रुग्णाने स्वतः भरायची. तिच्यात बाथटबमध्ये उतरणं आहे, बागकाम आहे. उकिडवं बसणं नाही, मांडी घालून जेवणं नाही. चाळीतल्या माणसाचा निम्मा दिवस त्यातच जातो! सार्वजनिक संडासात उकिडवं बसता येईना, म्हणून ताईने कमोडची खुर्ची आणली. संडासापर्यंत जायची पावलं यंत्राने मोजली. बसायची पंचाईत कुठल्याच आकड्यात आली नाही. माझ्या मते आपल्याकडच्या रुग्णाला हे प्रश्न आधी विचारायला हवेत.

ताई आता वही ठेवते. किती वेळा जमिनीवरून उठला, कुणाचा हात लागला, जिना कुठवर उतरला. मॅडम यंत्राचा आकडा पाहतात, मग वही वाचतात. पुढच्या तपासणीपर्यंत त्याला एकच जिना दिलाय, कठडा धरून: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा.