चांदीपुरा आणि मेंदूज्वर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

२०२४ च्या पावसाळ्यात गुजरातमध्ये खेळती-बागडती मुलं अचानक तापानं फणफणली. उलट्या झाल्या, आकडी आली, शुद्ध हरपली. काही जण तर एक-दोन दिवसांतच गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीनुसार जूनच्या सुरुवातीपासून १५ ऑगस्टपर्यंत भारतात अशा तीव्र मेंदूज्वराचे २४५ रुग्ण आढळले आणि त्यांतले ८२ दगावले. ६४ रुग्णांमध्ये चांदीपुरा विषाणू सापडला. या आजारात हाताशी फक्त काही तास असतात आणि गैरसमजांपायी नेमके तेच वाया जातात. म्हणून हे गैरसमज एकेक करून दूर करायला हवेत.

गैरसमज : हा कुठला तरी नवा, बाहेरचा विषाणू आहे.

वस्तुस्थिती : त्याचं मूळ नाव-गाव आपल्याच राज्यातलं आहे. १९६५ मध्ये नागपूर भागात तापाची साथ होती. ती मुख्यतः चिकुनगुनिया आणि डेंग्यूची होती. त्या वेळी पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतल्या, शास्त्रज्ञांना दोन रुग्णांच्या रक्तात एक वेगळाच विषाणू मिळाला. चांदीपुरा या गावावरून त्याला नाव मिळालं. रेबीजचा विषाणू ज्या कुळातला, त्याच कुळातला हा. पुढे अनेक वर्षं त्याच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात ३२९ मुलं आजारी पडली, १८३ दगावली, आणि त्याचं खरं रूप समोर आलं. त्याच वर्षी महाराष्ट्रातही मुलं आजारी पडली आणि २००७ मध्ये नागपूर विभागात पुन्हा उद्रेक झाला.

गैरसमज : मेंदूज्वर डासांमुळे होतो, त्यामुळे डबकी बुजवली की काम झालं.

वस्तुस्थिती : जपानी मेंदूज्वर डासांमुळे होतो हे खरं आहे. भातखाचरांत वाढणारे क्युलेक्स जातीचे डास तो पसरवतात. चांदीपुराचा प्रसार मात्र प्रामुख्यानं सँडफ्लाय, म्हणजे वाळूमाशी करते. ही माशी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, भुरकट, अंगभर केसाळ असते. बसली की पंख उभे धरते. तिला लांब उडता येत नाही, भिंतीवर टुणटुण उड्या मारत पुढे सरकते. डासासारखी गुणगुणत नाही, त्यामुळे चावेपर्यंत तिची चाहूलही लागत नाही.

तिची अंडी साचलेल्या पाण्यात नसतात. मातीच्या भिंतींच्या भेगा, गोठ्यातली ओलसर जमीन, शेण आणि पालापाचोळा कुजणारे कोपरे ही तिची घरं. म्हणून डबक्यांइतकंच लक्ष भिंतींकडे द्यायला हवं. भेगा लिंपून घ्या, गोठा कोरडा ठेवा, उकिरडा घरापासून लांब न्या. आरोग्य कर्मचारी फवारणीला आले तर घराच्या आत आणि गोठ्यातही फवारू द्या. साध्या मच्छरदाणीच्या जाळीतून ही माशी आत शिरू शकते. बारीक जाळीची किंवा कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी वापरा आणि संध्याकाळपासून मुलांना अंगभर कपडे घाला.

गैरसमज : आजारी मुलाजवळ गेलं की आजार लागतो, आणि जपानी मेंदूज्वर डुकराचं मांस खाल्ल्यानं होतो.

वस्तुस्थिती : चांदीपुरा माणसाकडून माणसाला झाल्याचं आढळलेलं नाही. आजारी मुलाच्या घराला वाळीत टाकण्याचं काहीही कारण नाही. जपानी मेंदूज्वराचा विषाणू बगळ्यांसारख्या पाणपक्ष्यांत आणि डुकरांत वाढतो. त्यांचं रक्त प्यालेला डास चावला तरच तो माणसात येतो. माणसाच्या रक्तात तो इतका वाढत नाही, की आपल्याला चावलेला डास तो पुढे नेईल. म्हणून डुकरांचे वाडे वस्तीपासून दूर ठेवणं महत्त्वाचं आहे. मांस खाण्याशी या आजाराचा संबंध नाही.

गैरसमज : मेंदूज्वराची लस घेतली, आता काळजी नको.

वस्तुस्थिती : लस आहे ती जपानी मेंदूज्वराची. ज्या जिल्ह्यांत या आजाराचा धोका आहे, तिथे ती बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान सरकारी लसीकरणात देतात. ती जरूर घ्या. चांदीपुरावर मात्र अजून लस नाही. शिवाय ताप आणि आकडीमागे मेंदूपर्यंत गेलेला हिवताप किंवा जिवाणूंचा संसर्ग असू शकतो, आणि त्यांवर थेट औषधं आहेत. बिहारमधल्या मुजफ्फरपूरला मुलांमध्ये दिसणाऱ्या मेंदूच्या आजाराचा संबंध संशोधकांना लिचीतल्या विषारी घटकाशी आणि रात्री उपाशी झोपण्याशी आढळला. तिथे रक्तातली साखर घसरलेली असते आणि वेळेत ग्लुकोज मिळालं तर मूल वाचू शकतं. कारण तपासणीतूनच कळतं, अंदाजानं नाही.

गैरसमज : यावर औषधच नाही, मग दवाखान्यात नेऊन काय उपयोग?

वस्तुस्थिती : सर्वांत घातक समज हाच. चांदीपुरा विषाणूला मारणारं खास औषध नाही, हे खरं. पण मूल हातचं जातं ते मेंदूला आलेली सूज, न थांबणारे झटके, श्वासाला होणारा अडथळा यांमुळे. या प्रत्येकावर रुग्णालयात उपचार आहेत. झटके थांबवता येतात, सूज कमी करता येते, प्राणवायू देता येतो, साखर आणि क्षारांचं प्रमाण सावरता येतं. हे सगळं वेळेत मिळालं तर मूल वाचण्याची शक्यता वाढते.

गैरसमज : आकडी आली की कांदा किंवा चप्पल हुंगवावी. बाहेरचं काही असेल तर आधी देवऋषी गाठावा.

वस्तुस्थिती : कांद्यानं किंवा चपलेनं झटका थांबत नाही. मुलाला कुशीवर वळवा, मानेजवळचे कपडे सैल करा. तोंडात चमचा, बोट किंवा पाणी काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. अंगारे-धुपारे करण्यात गेलेला प्रत्येक तास त्या लेकराच्या आयुष्यातून वजा होतो.

जून ते ऑक्टोबर या काळात मुलाला अचानक जोराचा ताप आला आणि त्याबरोबर उलट्या, झटके, असंबद्ध बडबड किंवा न उतरणारी गुंगी यांपैकी काहीही दिसलं, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. १०८ वर फोन करा आणि जिथे बालरोगतज्ज्ञ आणि अतिदक्षता विभाग आहे अशा रुग्णालयात मुलाला न्या. शेजारच्या घरात असं मूल असेल, तर त्याच्या आईवडिलांनाही हेच सांगा आणि गाडीची सोय तुम्ही करा.