मदत मरणाआधी

मूर्तिजापूरहून अचलपूरकडे जाणारी शकुंतला रेल्वे दर्यापूरच्या बनोसा स्टेशनावर थांबत असे. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने ती अरुंद लाइन टाकली, ती वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराकडे न्यायला. कापसाच्या बाजाराशी इथल्या शेतकऱ्याची गाठ त्याही आधी पडली होती. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि वऱ्हाडात भाव गगनाला भिडले. युद्ध संपले, भाव उतरले. पऱ्हाटीचा पेरा मात्र वाढतच गेला आणि 1899-1900 च्या दुष्काळात, देशाला कापूस पुरवणाऱ्या याच मुलखात, माणसे अन्नावाचून मेली.

म्हणजे भांडवली बाजार दर्यापूरला दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे. युरोपात तो बाजार वाढला तशी त्याच्या धक्क्यांपासून माणसाला सावरणारी व्यवस्थाही उभी राहिली. जर्मनीत बिस्मार्कने 1883 मध्ये कामगारांचा आजारविमा आणला, 1889 मध्ये वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन. इंग्लंडमध्ये 1942 च्या बेव्हरिज अहवालाने पुढचा पाया घातला. आपल्याकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1947 च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये प्रत्येक प्रौढ नागरिकासाठी सक्तीचा सरकारी विमा मागितला होता. ती मागणी संविधानात उतरली नाही. वऱ्हाडात बाजार आला आणि आधार मागे राहिला, त्याची किंमत आपण अजून मोजतो आहोत.

दर्यापूरचे वावर समजून घेतले तर ही जोखीम किती मोठी आहे ते कळते. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. जमीन काळी, खोल, कसदार. पण खालचे पाणी खारे. विहीर खोदून ओलीत करायची सोय नाही, म्हणून खरिपात कपाशी, तूर, मूग आणि जमिनीत ओल उरली तर हरभरा. पाऊस लांबला की दुबार पेरणी, बोंडअळी आली की फवारणीचा खर्च, आणि कापूस घरात येईपर्यंत कृषी केंद्राची उधारी वाढलेली. उधारी फेडायची म्हणून माल लगेच विकावा लागतो, नेमका आवक जास्त असते तेव्हा. ज्याच्या हातात थांबण्याची ताकद नाही त्याला भाव मागता येत नाही. बाजार स्वतंत्र आहे असे म्हणताना हे ध्यानात ठेवावे लागते.

राज्याने बाजाराला वळण लावायचा प्रयत्न केला नाही असे नाही. 1972 पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना चालली. हमीचा भाव मिळाला, पण चुकारे रखडले, तोटा साचला, आणि 2002 मध्ये खासगी व्यापाऱ्यांना पुन्हा दार उघडले गेले. सगळा व्यापार सरकारने हाती घेणे हा उपाय नव्हे, हे त्या अनुभवाने शिकवले. माझ्या मते बाजार राहू द्यावा. बाजारात हरलेला माणूस उपाशी राहणार नाही, त्याची मुले शाळेतून उठणार नाहीत, एवढे समाजाने पक्के करावे.

मदत आली ती कशी आली, हे पाहण्यासारखे आहे. जुलै 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचे पॅकेज जाहीर झाले. 2008 च्या कर्जमाफीत पूर्ण माफीची मर्यादा दोन हेक्टर ठेवली. ओलिताच्या पाच एकरांना आणि खारपाणाच्या सात एकरांना एकच माप लागले, आणि आमच्याकडचे अनेक कोरडवाहू शेतकरी बाहेर राहिले. आत्महत्या झाली तर कुटुंबाला एक लाख रुपये, त्यातले तीस हजार हाती आणि सत्तर हजार ठेवीत, हा नियमही 2006 चाच. पण आधी चौकशी व्हायची: जमीन नावावर होती का, कर्ज बँकेचे की परवानाधारक सावकाराचे, वसुलीचा तगादा होता का. मग प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’. घरातला माणूस गेलेल्या बाईला या शब्दांच्या रांगेत उभे करणारी व्यवस्था मला अमानुष वाटते. मक्त्याने वावर करणारा तर कागदावर दिसतच नाही. 1958 च्या विदर्भ कूळ कायद्याची धास्ती अशी की मालक लेखी करार करत नाही. करार नाही म्हणून पीक विमा नाही, सातबारा नाही म्हणून पीएम-किसानचे सहा हजारही नाहीत.

याउलट 2025 मध्ये अमेरिकेने आयातशुल्क वाढवले, कापड उद्योग अडचणीत आला, तेव्हा 19 ऑगस्टपासून कापसावरचे अकरा टक्के आयातशुल्क माफ झाले. गिरणी कामगारांचे पोट तिथे आहे, त्यांना दिलासा हवाच. पण उद्योगाला अर्ज, पंचनामा, पात्रता काही लागले नाही, आणि त्या निर्णयाचा भार कापूस वेचणीच्या तोंडावर शेतकऱ्याच्या भावावर पडला.

आपल्याच राज्याने एकदा वेगळी वाट दाखवली होती. 1972 च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर गेली. 1977 मध्ये कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून अंमल. काम मागणे हा मजुराचा हक्क ठरला. आणि पैसा? 1975 च्या कायद्याने नोकरदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला. शहरातल्या पगारातून खेड्यातली मजुरी, ही व्यवस्था महाराष्ट्राने पन्नास वर्षांपूर्वी स्वीकारली आणि 2005 मध्ये देशाने तिचे अनुकरण केले.

त्याच तत्त्वावर पुढे जाता येईल. संजय गांधी निराधार योजनेत महिना 1,500 रुपये मिळतात, पण कुटुंबाची वार्षिक मिळकत 21,000 च्या आत लागते. लाडकी बहीण योजनेसाठी हीच मर्यादा अडीच लाख. निराधार बाईला इतकी खालची पायरी का? विधवा निवृत्तिवेतनातला केंद्राचा वाटा 2012 पासून 300 रुपयांवर थांबला आहे. विधवा, वृद्ध, मक्त्याने वावर करणारे आणि वेचणीच्या मजूर बाया यांना, सातबारा असो वा नसो, दरमहा ठरलेली आणि महागाईबरोबर वाढणारी रक्कम कायद्याने मिळावी. पैसा कुठून, याचे उत्तर व्यवसाय करातच आहे. संविधानाने त्याची कमाल मर्यादा 1988 मध्ये वर्षाला 2,500 रुपये ठरवली. तेव्हा चौथा वेतन आयोग लागू होता, आता आठव्याची घोषणा झाली आहे, आणि मर्यादा तीच आहे. पहिली दुरुस्ती तिथे करावी.